सत्तावीस पाडे आणि एक टक्का

मुंबई उपनगर जिल्ह्यात एकही खेडे नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे या जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाख ५६ हजार ९६२ आणि ती शंभर टक्के नागरी. शेजारच्या पालघर जिल्ह्यात, जव्हार-डहाणूकडे, पन्नास उंबऱ्यांच्या गावालाही जनगणनेत स्वतःची एक ओळ असते. सहा आकडी संकेतांक, मग घरे किती, माणसे किती, सहा वर्षांपर्यंतची मुले किती, अनुसूचित जमातीचे किती, लिहिता-वाचता येणारे किती, शेती कसणारे किती, मजुरीला जाणारे किती. तिथेही ओळ पाड्याला नसते, महसुली गावाला असते. पण गावच बहुतेक आदिवासी, त्यामुळे गावाचा आकडा म्हणजे जवळजवळ पाड्यांचाच आकडा.

गोरेगाव पूर्वेला पश्चिम द्रुतगती महामार्ग ओलांडून आरेच्या नाक्यातून आत शिरले की भाताची खाचरे लागतात, कुडाच्या भिंतीची घरे लागतात, परसात तोंडलीचे मांडव आणि झाडाखाली शेंदूर लावलेले देव दिसतात. ही वस्ती पाहून कुणीही तिला खेडेच म्हणेल. जनगणनेत मात्र ती महानगरपालिकेच्या प्रभागाचा एक तुकडा आहे. केलटीपाडा, खांबाचा पाडा, चाफ्याचा पाडा, दामूचा पाडा, जितोनीचा पाडा, मोराचा पाडा, वाणीचा पाडा, नवशाचा पाडा, मरोशीपाडा. असे सत्तावीस पाडे आरेत आहेत, असे मोर्च्याच्या फलकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळीकडे लिहिलेले असते. त्यांत मिळून सुमारे दहा हजार आदिवासी राहतात, असाही आकडा वारंवार छापून येतो. कोणत्या पाड्यात किती, त्यांत बायका किती, मुले किती, शाळेत जाणारी किती, हे कुठल्याही सरकारी तक्त्यात वेगळे सापडत नाही. म्हणून मी आरेतून चालत जायचे ठरवले, गोरेगावच्या टोकापासून मरोळच्या टोकापर्यंत. श्रावण संपत आला होता.

आरेतून जाणारा मोठा रस्ता म्हणजे दिनकरराव देसाई मार्ग. गोरेगाव आणि मरोळ यांना जोडणारा हा रस्ता सकाळ-संध्याकाळ गाड्यांनी तुंबलेला असतो. त्या गाड्यांतून जाणाऱ्यांना दोन्ही बाजूंना फक्त झाडी दिसते. पाडे रस्त्यापासून आत, चढावर किंवा ओढ्याच्या काठी आहेत. आरे ही सरकारी दुग्ध वसाहत. तिच्या तबेल्यांना इथे ‘युनिट’ म्हणतात आणि पत्ताही युनिटच्या नंबरावरच सांगायचा असतो. पाड्यातल्या माणसाला ‘कुठे राहता?’ विचारले तर तो आधी युनिटचा नंबर सांगतो, मग पाड्याचे नाव. टपाल, शिधापत्रिका, मतदार यादी सगळे युनिटच्या नावाने. म्हणजे म्हशींच्या गोठ्याला दिलेला क्रमांक माणसांच्या पत्त्यात येऊन बसला आहे.

हे कसे झाले ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. हा सगळा मुलूख पूर्वी साष्टी. जिल्हा ठाणे. १९५० आणि १९५७ मध्ये उपनगरे टप्प्याटप्प्याने मुंबईच्या हद्दीत आली, आणि १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला. वारली लोक या साऱ्याच्या आधीपासून इथल्या डोंगरात आहेत. डहाणू-तलासरीपासून साष्टीच्या टेकड्यांपर्यंत त्यांची सलग वस्ती होती. मधल्या जिल्ह्याच्या सीमा नंतर आखल्या गेल्या. १८६० मध्ये मिठी नदी अडवून विहार तलाव झाला, पुढे १८७९ मध्ये तुळशी आणि १८९१ मध्ये पवई. मुंबईच्या तहानेसाठी साष्टीचा डोंगर आधी पाण्याखाली गेला, नंतर दुधासाठी कुंपणात आला.

शहरातले गोठे बाहेर हलवून एका जागी स्वच्छ दूध काढायचे, ही योजना दारा खुरोडी यांची. १९४९ मध्ये वसाहतीचे काम सुरू झाले आणि ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंनी रोप लावून आरे दुग्ध वसाहतीचे उद्घाटन केले. क्षेत्र सुमारे १,२८७ हेक्टर, म्हणजे तीन हजार एकरांहून जास्त. भरभराटीच्या काळात तिथे सोळा हजारांच्या आसपास म्हशी होत्या. खुरोडी यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. काम मोठे होते, यात शंका नाही. माझ्या लहानपणी आरेची काचेची बाटली आमच्याही दारात यायची. पण जमीन दुग्धविकास खात्याकडे गेली तेव्हा तिच्यावर राहणारी, भात पिकवणारी माणसे तिथेच होती. त्यांचे काय, या प्रश्नाला त्या वेळी नीट उत्तर दिले गेले नाही. काहींना वसाहतीत गवत कापायचे, शेण उचलायचे, झाडे लावायचे काम मिळाले, काही जण जमीन कसत राहिले. तेव्हापासून ती जमीन कागदावर सरकारची आणि प्रत्यक्षात त्यांची आहे.

माझ्याबरोबर एका पाड्यातला तरुण होता. तो महापालिकेच्या एका उद्यानात कंत्राटावर माळीकाम करतो. बारावी झालेला, बोलायला मोकळा. “ताई, तुम्हाला घरं मोजायची असतील तर माझ्या मागून चला, नाहीतर अर्धी सुटतील,” तो म्हणाला. खरेच, वाटेवरून पाहिले तर आठ-दहा घरे दिसत होती. तो घेऊन गेला तेव्हा आंब्याखालच्या उतारावर, ओढ्यापलीकडे, केळीच्या बागेमागे घरे निघतच राहिली. जनगणनेचा प्रगणक शाळेतून सुटून संध्याकाळी इथे येत असेल, तर अंधार पडायच्या आत तो किती घरांपर्यंत पोचत असेल, हा विचार माझ्या मनात तिथेच आला.

घरे आता सगळी कुडाची राहिलेली नाहीत. विटांच्या भिंती आहेत, पत्रे आहेत, एखाद्या घरावर निळी ताडपत्री. पण ओटा शेणाने सारवलेला, दाराशी उखळ, आणि भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली त्रिकोणी माणसे. डहाणूच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रे जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आरेतल्या काही तरुणांनाही या चित्रांवर चार पैसे मिळतात. शाळांच्या भिंती आणि सोसायट्यांची फाटके रंगवायची कामे येतात.

एका घरात आजी बसल्या होत्या. समोर सुपात कंटोळी. आदल्या दिवशी सुनेने डोंगरावरून आणलेली, आणि आता आजी ती निवडून वाटे करत होत्या. फार पिकून आतून लाल पडलेली बाजूला, कोवळी हिरवी एका बाजूला. “ह्या शहरातल्या बायांना बी नको असतं,” त्या म्हणाल्या. पहाटे सून टोपली घेऊन गोरेगाव स्टेशनाबाहेर बसते. आषाढाच्या आधी शेवळे, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, श्रावणात कंटोळी, अळूची पाने, नंतर परसातली काकडी आणि तोंडली. पावसाचे चार महिने हा बाजार चालतो. दिवाळीनंतर ती एका इमारतीत दोन घरांची धुणी-भांडी करते, उन्हाळ्यात आंबे-जांभळे विकते.

जनगणनेच्या भाषेत या बाईला काय म्हणायचे? वर्षात सहा महिने किंवा त्याहून जास्त काम केले तर ‘मुख्य कामकरी’, कमी केले तर ‘सीमांतिक कामकरी’. त्यात परत चार खाने: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग, इतर. तिचे मुख्य काम शेती नाही, म्हणून शेतकरी नाही. डोंगरावरून भाजी आणणे हे शेतमजुरीत बसत नाही. धुणी-भांडी ‘इतर’मध्ये. घरच्या कर्त्या पुरुषाने उत्तर दिले तर “ती घरीच असते” असेही लिहिले जाऊ शकते. वर्षभर पहाटे चारला उठणारी बाई ‘काम न करणारी’ ठरते. पाड्यातल्या बायकांचे सगळे अर्थकारण या चार खान्यांच्या फटीत आहे.

आजींच्या घरी मी कागद पाहायला मागितले. त्यांच्या नातवाने पत्र्याच्या पेटीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिला रबर गुंडाळलेले, आत दुसरी पिशवी. शिधापत्रिका, आधार, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आणि तळाशी घडीवर फाटत चाललेली एक जुनी पावती, जिच्यावरचा शिक्का आता वाचता येत नव्हता. ती पावती त्याने कुणालाही हातात न देता स्वतःच उलगडून दाखवली. कारण अनुसूचित जमातीचा दाखला हवा असेल तर आपले कुटुंब ६ सप्टेंबर १९५० पूर्वीपासून इथे राहते हे दाखवावे लागते. राष्ट्रपतींच्या ज्या आदेशाने जमातींची यादी ठरली, त्याची ती तारीख. आजोबा कधी शाळेत गेले नाहीत, म्हणून शाळेच्या नोंदवहीत ‘वारली’ हा शब्द नाही. जमीन नावावर नाही, म्हणून सातबारा नाही. दुग्ध वसाहतीचे उद्घाटनच १९५१ सालचे, त्यामुळे तिथल्या कार्यालयाचा कागदही तारखेच्या अलीकडचा. जो डोंगर सोडून कधी कुठे गेलाच नाही, त्याच्याकडे आपण इथलेच असल्याचा कागद सगळ्यांत कमी. त्या नातवाने दाखल्यासाठी दोन वर्षे खेटे घातले आहेत. पुढच्या जात पडताळणीची पायरी अजून आहेच.

इथे आकड्यांचा अर्थ जरा थांबून लावला पाहिजे. २०११ मध्ये मुंबई उपनगर जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या एकूण लोकसंख्येच्या सुमारे १.१ टक्के होती, म्हणजे लाखाच्या आसपास माणसे. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.३५ टक्के आहे, १ कोटी ५ लाख १० हजारांहून अधिक. उपनगरातला तो एक टक्का वाचून वाटते की चला, पाड्यांचा हिशेब लागला. तसे नाही. त्या लाखात नंदुरबारहून नोकरीला आलेला भिल्ल शिपाई आहे, नाशिकहून आलेली महादेव कोळी परिचारिका आहे, वसतिगृहातला गोंड विद्यार्थी आहे, मंत्रालयातला अधिकारी आहे. ते सगळे आदिवासी आहेत आणि त्यांची नोंद योग्यच आहे. पण आरेतला वारली आणि अंधेरीच्या सदनिकेतला अधिकारी यांना एकाच आकड्यात घातले, की पाड्यातल्या नळाचा, दिव्याचा, शाळेचा प्रश्न त्या सरासरीत बुडून जातो.

शिवाय आकडा हा माणसांइतकाच नियमांनीही घडतो. १९७१ मध्ये महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची नोंद २९.५४ लाख होती, प्रमाण ५.८६ टक्के. १९८१ मध्ये ती ५७.७२ लाख झाली, ९.१९ टक्के. दहा वर्षांत माणसे दुप्पट झाली नव्हती. १९७६ च्या कायद्याने काही जमातींवरचे क्षेत्रबंधन उठले. आधी विशिष्ट जिल्ह्या-तालुक्यांत राहणाऱ्यांनाच जी जमात मानले जात होते ती आता राज्यभर मानली जाऊ लागली. मोजायची रेघ हलली आणि अठ्ठावीस लाखांची भर पडली. त्या वाढलेल्या आकड्यावरून पुढे अर्धे राजकारण उभे राहिले.

दुसरी एक तुलना मला जास्त बोलकी वाटते. उपनगर जिल्ह्यात २०११ मध्ये हजार पुरुषांमागे ८६० स्त्रिया होत्या. महाराष्ट्रात ९२९. आणि महाराष्ट्रातल्या अनुसूचित जमातींत ९७७. मुंबईत पुरुष एकटा येतो, खोलीत सहा जण मिळून राहतो, बायको-मुले गावाला. पाड्यात तसे नाही. इथे घर म्हणजे आजी, दोन मुलगे, दोन सुना, नातवंडे, आणि पालघरहून कामाला आलेला एखादा भाचा. चौरस किलोमीटरला २०,९८० माणसे असलेल्या या जिल्ह्यात घराला अंगण असलेले आणि तीन पिढ्या एका ओट्यावर बसलेल्या दिसतील असे किती कोपरे उरले आहेत?

साक्षरतेचे पारडे उलट झुकते. जिल्ह्यात साक्षरता जवळजवळ ९० टक्के, राज्यातल्या अनुसूचित जमातींत ६५.७ टक्के. पाड्यात हे अंतर पिढ्यांमध्ये दिसते. आजी अंगठा लावतात, सून सही करते, नात बँकेचा फॉर्म भरते. पण नात दहावीनंतर कॉलेजला जाणार असेल तर परतताना अंधाराच्या आत मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंतची वाट संपली पाहिजे. आरेतल्या मुलींच्या शिक्षणाचे गणित बऱ्याचदा सूर्यास्ताच्या वेळेवर येऊन अडते.

कारण बिबट्या. आरे आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान यांच्यामध्ये त्याच्या दृष्टीने कुंपण नाही. उद्यान सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे. उद्यान, आरे आणि आसपासचा पट्टा मिळून २०१८ मध्ये झालेल्या कॅमेऱ्याच्या मोजणीत ४७ बिबटे आढळले होते. प्रत्येकाच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी, त्यावरून त्याला ओळखून क्रमांक दिला जातो. नर की मादी, कुठे दिसला, पुन्हा कधी दिसला, पिल्ले किती, सगळे नोंदले जाते. ही मोजणी फार मोलाची आहे आणि ती करणाऱ्यांचे कष्ट मला ठाऊक आहेत. तशाच चिकाटीने पाड्यातले प्रत्येक घर नोंदले गेले असते, तर माझ्यासारखीला चालत यायची गरज पडली नसती.

वारल्यांचे बिबट्याशी वैर नाही. वाघदेवाचे ठाणे आहे, वाघबारसेला नारळ फोडून, कोंबडा देऊन त्याची पूजा होते. “तो आधीपासूनचा आहे, आम्हीपण आधीपासूनचे,” असे आजी सहज म्हणाल्या. त्याच वेळी २०२२ च्या दिवाळीत आरेत सोळा महिन्यांच्या मुलीचा बिबट्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला, हेही कुणी विसरलेले नाही. घराजवळ शौचालय नाही, वाटेवर दिवा नाही, कचरा पडलेला, त्यावर कुत्री, आणि कुत्र्यांमागे बिबट्या. श्रद्धेने भीती सोसता येते, पण शौचालयाची जागा ती घेऊ शकत नाही. आणि शौचालय, दिवा, नळ मागायला गेले की पहिला प्रश्न येतो, “तुमची घरं किती?” पाड्याकडे या प्रश्नाचे सरकारी शिक्क्याचे उत्तर नसते.

दुपारी आम्ही चित्रनगरीच्या बाजूने गेलो. दादासाहेब फाळके चित्रनगरी १९७७ मध्ये आरेच्याच जमिनीवर झाली. तिच्या हद्दीतही पाडे आहेत. पडद्यावर आपण जे गाव पाहतो ते खोटे उभारलेले असते आणि त्याच्या मागे खरे गाव असते, पण खऱ्या गावात जायला फाटकावर विचारणा होते. पाड्यातले काही जण तिथे सेटवर सुतारकाम, सफाई, पहारा अशी कामे करतात. चित्रनगरीखेरीज पशुवैद्यकीय महाविद्यालय, राखीव पोलीस दल, फोर्स वन अशा कितीतरी संस्थांना आरेची जमीन गेली. प्रत्येक वेळी कुंपण आले आणि पाड्याची वाट लांब झाली. एका पाड्यातून शेजारच्या पाड्यात जायला, जिथे मुलगी दिली आहे, पूर्वी टेकडी ओलांडली की झाले, आता भिंतीला वळसा घालावा लागतो.

पाड्यात सगळे वारलीच आहेत असेही नाही. कोकणा आहेत, मल्हार कोळी, महादेव कोळी आहेत, काथोडी आहेत, काही घरे दुबळा जमातीची. काथोडी, म्हणजे कातकरी, महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक, बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. आरेतही कातकऱ्यांची घरे सगळ्यांत कडेला आणि सगळ्यांत मोडकी दिसली. पाड्याची लोकसंख्या कशी वाढते, हेही बारकाईने पाहण्यासारखे आहे. काही कुटुंबे इथलीच. काहींचे आजोबा दुग्ध वसाहतीच्या कामाला डहाणू-पालघरकडून आले. सुना बहुतेक तिकडून येतात आणि त्यांच्याबरोबर बोली, लग्नातली गाणी, ती गात लग्न लावणारी धवलेरीही येते. म्हणून आरेतली वारली बोली पालघरच्या बोलीशी अजून जोडलेली आहे. दुसरीकडे पाड्याला लागून बिगर-आदिवासी झोपड्या वाढल्या. आज एखाद्या ‘पाडा’ नावाच्या वस्तीत आदिवासी अल्पसंख्य झालेले आढळतात. नाव पाड्याचे, बहुमत इतरांचे.

यातूनच सगळ्यांत मोठा घोळ होतो: पाडा आणि झोपडपट्टी एकाच वहीत लिहिणे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमात मोजायचे एकक म्हणजे पात्र झोपडी. एका पात्र झोपडीमागे एक सदनिका. पाड्यातल्या घराला लागून भाताचे खाचर असते, आंब्याची चार झाडे, कोंबड्यांचे खुराडे, गावदेवीची जागा. पुनर्वसनाच्या तक्त्यात त्यांना रकानाच नाही. घरात तीन भावांच्या तीन चुली असल्या तरी दार एक, म्हणून झोपडी एक. आरेतले आदिवासी ‘आम्ही झोपडपट्टीवाले नाही’ असे म्हणतात तेव्हा त्यात झोपडपट्टीतल्या गरिबाचा अपमान नसतो. आमचे मोजमाप वेगळे आहे, एवढेच ते सांगत असतात. ते मला पूर्ण पटते.

कायद्याचा आधारही पातळ आहे. पालघरचे बरेच तालुके पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात आहेत, तिथे पेसा हा आदिवासी क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा लागू होतो, ग्रामसभेला अधिकार आहेत. मुंबई उपनगर त्या क्षेत्रात नाही. इथे ग्रामपंचायतच नाही तर ग्रामसभा कुठून येणार? २००६ चा वनहक्क कायदा वनजमिनीवर चालतो, आणि आरेची जमीन दुग्धविकास खात्याची. आरे हे वन जाहीर करावे ही मागणी उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ रोजी फेटाळली. त्याच रात्री मेट्रो ३ च्या कारशेडसाठी झाडे तोडायला सुरुवात झाली. दोन हजारांहून अधिक झाडे पडली, जमावबंदी लागली, पकडलेल्या आंदोलकांत पाड्यातली मुलेही होती. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने पुढची तोड थांबवली, पण तोवर त्या जागेवर तोडायला फारसे उरले नव्हते. पुढे आरेतली आठशे एकरांहून जास्त जमीन राखीव वन ठरली आणि उद्यानाकडे गेली.

बोरिवलीच्या बाजूला, खुद्द उद्यानात, नवापाडा, चिंचपाडा, तुमणीपाडा असे पाडे आहेत. तिथे कथा थोडी निराळी. ७ मे १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उद्यानातली अतिक्रमणे हटवली गेली, तेव्हा अतिक्रमण करणारा कोण आणि जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा कोण, हे सिद्ध करण्याचे ओझे आदिवासींवरच पडले. भांडुपचा खिंडीपाडा, मुलुंडचा घाटीपाडा, दहिसरचा केतकीपाडा ही नावेही त्याच डोंगराच्या चारी अंगांना आहेत. सगळीकडे शहर खालून वर चढत आले आहे.

मरोळच्या टोकाला पोचलो तेव्हा ऊन उतरले होते. सीप्झच्या इमारती समोर दिसत होत्या. इथे प्रजापूर पाडा होता. मेट्रोच्या कामात तिथली कुटुंबे हलवली गेली, इमारतींमध्ये गेली. प्रजापूर हे महसूल खात्याच्या दफ्तरात गावाचे नाव आहे. कारशेडच्या जमिनीचे वर्णन कोर्टाच्या कागदांत मौजे प्रजापूर असेच येते. म्हणजे जमिनीला गाव आहे, तिला भूमापन क्रमांक आहे, हद्द आहे, नकाशा आहे. त्याच गावातल्या माणसांना मात्र जनगणनेत गाव नाही. आता तिथून पुढे जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर मेट्रोचे आरे स्थानक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत गाडी सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत गेली. माझा सोबती तिच्यातून एकदा चर्चगेटला जाऊन आला. गाडी छान आहे, थंड आहे, असे तो मनापासून म्हणाला. आत्याचे घर प्रजापूर पाड्यात होते, तिला आता अंगण नाही, हेही त्याने त्याच दमात सांगितले.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्याआधी २०२६ मध्ये घरयादीची फेरी आणि मग फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची मोजणी, या वेळी जातीसह. प्रत्येक प्रगणकाला साधारण सहाशे ते आठशे वस्तीचा एक गट दिला जातो आणि कामाच्या सुरुवातीला त्या गटाचा नजरी नकाशा काढायचा असतो, त्यात रस्ते, ओढे, देवळे, घरे दाखवायची असतात. पाड्यातल्या तरुणांशी बोलताना यावरच आम्ही सगळ्यांत जास्त वेळ घालवला. गटाची हद्द आखताना ती पाड्याच्या हद्दीवरून आखली, आणि नकाशावर युनिटच्या नंबराशेजारी पाड्याचे नाव लिहिले, तर नव्या कायद्याची गरज नाही, वेगळ्या खर्चाची गरज नाही. आकडे आपोआप पाडावार निघतील. माळीकाम करणाऱ्या माझ्या सोबत्याने त्याच्या पाड्याची यादी आधीच करायला घेतली आहे. शाळेच्या दोनशे पानी वहीत प्रत्येक घराला एक पान, कर्त्याचे नाव, चुली किती, माणसे किती, दाखला आहे की नाही, पाणी कुठून, शौचालय आहे का. ओढ्यापलीकडची चार घरे राहिली आहेत. पाणी उतरले की तो तिकडे जाणार आहे, आणि प्रगणक आला की वही त्याच्यासमोर ठेवणार आहे.